तीन पोचे

"हे तीन पोचे ठेवायचे की काढायचे, तेवढं आज सांगा, ताई." प्रदीपनं गाडीच्या डाव्या मडगार्डवर तळहात ठेवला आणि तो यशोधराकडे बघत राहिला.

गाडी म्हणजे यशोधराच्या वडिलांची, सीतारामची फियाट. परंदवडीच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये ती सहा वर्षं उभी होती. सीतारामची नजर गेली तेव्हापासून. आता सीतारामला जाऊनही वर्ष झालं होतं.

प्रदीपचं कुसगावला गॅरेज होतं आणि जुन्या गाड्यांवर त्याचा जीव होता. सकाळपासून गाडीखाली पडून त्यानं सगळं तपासलं होतं. तळाचा पत्रा गंजला होता. आणखी एक पावसाळा गेला असता तर हाती काही लागलं नसतं. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक तर सगळा रंग खरवडायचा, पोचे ठोकून सरळ करायचे, नवा रंग, नव्या गाद्या. गाडी कालच घेतल्यासारखी दिसेल. नाहीतर इंजिन आणि ब्रेक तेवढे नीट करायचे, गंज थांबवायचा आणि बाकी अंगाला हात लावायचा नाही. पण एकदा पुट्टी आणि रंग चढला की जुनं परत येत नाही, हेही त्यानं बजावलं.

यशोधराचं केव्हाच ठरलं होतं. गाडी आहे तशीच राहायला हवी होती. सीताराम चौदा वर्षं एका कारखान्यात ड्रायव्हर होता. नव्वद साली त्यानं नोकरी सोडली आणि ही जुनी फियाट घेतली. विहाराशेजारच्या वस्तीतली ती पहिली चारचाकी. लोणावळ्याला उतरणाऱ्या पाहुण्यांना तो कार्ल्याची लेणी दाखवून आणायचा. पहिल्याच वर्षात गाडीला तीन पोचे आले. मडगार्डवर, मागच्या दारावर आणि डिकीवर. चावडीवरची माणसं हसली. गाडी घेतली खरी, पण पेलवत नाही, म्हणाली. सीतारामही त्यांच्याबरोबर हसायचा. घाटात ट्रक घासला, असं कधी सांगायचा, तर कधी सोमाटण्याला म्हैस आडवी आली म्हणायचा. दर वेळी गोष्ट निराळी. यशोधराला त्या सगळ्या पाठ होत्या. पोचे म्हणजे तिला आबांच्या हातच्या खुणा वाटत.

ती प्रदीपला तसं सांगणार, एवढ्यात तिची आई भागुबाई चहाचे कप घेऊन शेडच्या तोंडाशी आली.

"काढा," भागुबाई म्हणाली. "तिन्ही काढा."

यशोधराला ते लागलं. आबांचे कपडे आईनं महिन्याभरात वाटून टाकले होते, तेव्हाही ती गप्प बसली होती. आता मात्र तिला राहवलं नाही. आबांचं काहीच ठेवायचं नाही का तुला, असं ती आईला विचारून बसली. प्रदीप उगाच चाकाचे नट तपासू लागला.

भागुबाईनं कप खाली ठेवले. पदराला हात पुसले.

"ते पोचे तुझ्या आबांचे न्हाईत," ती म्हणाली. "माझे हायेत."

मग तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गाडी आली त्याच महिन्यात सीतारामनं तिला शिकवायला घेतलं होतं. गाडी दोघांची, तर चालवायलाही दोघांना आली पाहिजे, हा त्याचा हट्ट. यशोधरा शाळेत गेली की दोघं माळावर जायची. मडगार्ड बाभळीला लागलं. दार बांधाच्या दगडाला घासलं. डिकी मागं घेताना खांबावर गेली. सीताराम आधी तिला कुठं लागलंय का बघायचा आणि मग गाडीकडं वळायचा. गावात शिरताना स्टिअरिंगवर तो बसायचा आणि विचारणाऱ्याला आपल्याच हातून झालं म्हणून सांगायचा. चौदा वर्षांत कारखान्याच्या गाडीला साधा ओरखडा येऊ न दिलेला माणूस! लोकांचं ते हसणं भागुबाईला सोसवेना. तिसऱ्या पोच्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही.

"माझ्यापायी जलमभर हसून घेतलं त्यांनी," ती म्हणाली. "आता तरी त्यांच्या नावावरचं काढ."

यशोधरानं मागच्या दाराकडे पाहिलं. म्हशीची गोष्ट, ट्रकची गोष्ट, सगळ्या त्या पत्र्यावरून सुटून पडल्या होत्या. मग तिच्या मनात वेगळंच आलं. इंजिनातला बारीकसा आवाजसुद्धा ज्याला खपायचा नाही, त्या माणसानं हे पोचे इतकी वर्षं तसेच का ठेवले? आबांनी स्वतःच का नाही काढून घेतले, तिनं विचारलं.

भागुबाई गाडीजवळ आली.

"मी लय मागं लागले," ती म्हणाली. "दरसाली. पर ऐकायचे न्हाईत. म्हनायचे, आत्ता काढले तर तुला वाटंल शिकनं संपलं. तू परत बस, नीट चालवाय लाग, मग तिन्ही एकदम काढू. डोळे गेले, तरी इचारायचे. कवा बसतीस?"

यशोधरानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. भागुबाईनं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा प्रदीपकडं. मग पातळ सावरून ती आत बसली. पासष्टीच्या त्या बाईचा डावा पाय आपोआप क्लचवर गेला. पस्तीस वर्षांत पाय काही विसरला नव्हता.

प्रदीपनं घाईघाईनं चाकाखाली दगड सरकवला. ब्रेक अजिबात धरत नाहीत, त्यानं सांगितलं, आणि मग बिचकतच विचारलं, गाडी नवी करायची की जुनी ठेवायची?

"आधी ब्रेक करा," यशोधरा म्हणाली. "पोचे आई शिकल्यावर काढू."