पायांपुढची जागा

"बाई, तुमच्या यजमानांना मी उलटं पुरलंय."

कबर खोदणाऱ्याने एका दमात सांगून टाकलं. अकरा दिवस त्याला अन्न गोड लागलं नव्हतं. बाईंनी शिवणयंत्र थांबवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"उलटं म्हणजे? पालथं?"

"छे छे! उताणेच आहेत. पण डोकं पूर्वेला गेलंय आणि पाय पश्चिमेला."

झालं होतं असं. पेटी दोन्हीकडून सारखी असते, म्हणून सुतार डोक्याकडच्या बाजूला पत्र्याची छोटी पट्टी ठोकतो. त्या दिवशी पेटी फाटकाला घासली आणि पट्टी निखळून पडली. खोदणाऱ्यानेच ती उचलून परत ठोकली, भलत्या बाजूला. पेटी खाली सोडताना पायांकडचा दोर हाताला फारच जड लागला, तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण भोवती सगळे डोळे पुसत उभे. तोंड उघडायची छाती झाली नाही.

चूक साधी नव्हती. त्या दफनभूमीत झाडून सगळ्यांचे पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार, मेलेले याच देहानं उठणार, तेव्हा प्रत्येकाचं तोंड त्याच्याकडे हवं. बाईंचा नवरा तेवढा प्रभूकडे पाठ करून उठणार होता.

आतल्या खोलीत दाढी करणारा मुलगा अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बाहेर आला. "तीस वर्षं तिथं गवत उपटत होतास काय रे? आजच फादरकडे जातो. पेटी वर काढायची आणि तुला घरी बसवायचं!"

खोदणाऱ्याला बसायला घरही नव्हतं. फाटकाजवळची खोली नोकरीबरोबर मिळालेली, नोकरीबरोबरच जाणार. तरी तो म्हणाला, "काढतो, दादा. चूक माझीच आहे. पण लाकूड हलकं होतं. अकरा दिवस जमिनीत आहे. वर घेताना तळ राहील की नाही..."

मुलानं टॉवेलनं गाल पुसून टाकला.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "कोणी हात लावायचा नाही त्यांना."

"अगं आई, प्रभू येईल तेव्हा..."

"मान वळवतील की! तेवढी अक्कल आहे तुझ्या बाबांना." मग त्या खोदणाऱ्याकडे वळल्या. "त्यांच्या पायांपुढे काय आहे रे आता?"

"काही नाही, बाई. कुंपणापर्यंत मोकळीच जागा."

"ती माझ्यासाठी ठेव."

"तुझी जागा बाबांच्या शेजारी घेतलीय ना," मुलगा वैतागला. "आधीच!"

"शेजारी नको मला. पायांपुढेच हवी. आणि मला नेमाप्रमाणे ठेव हं, पाय पूर्वेला. माझ्या वेळी घोळ घातलास तर बघ!"

खोदणाऱ्याने मनातल्या मनात दोन्ही कबरी आखल्या. पायांना पाय. दोघं उठून बसली तर... तो बाईंकडे बघतच राहिला.

बाईंनी चष्मा परत नाकावर घेतला आणि सुईतला दोरा नीट केला.

"त्यांच्या आजारपणात मी दुकान विकलं, तेव्हापासून वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. गेले तेही तसेच. आता उठले की समोर मीच."