रुपयाचा डाग

भोजराजच्या पोस्टकार्डाला हुकुमचंद गुरुजींनी सात वर्षं उत्तर दिलं नव्हतं. आणि आज, गोंदियातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात, त्या कार्डातला शब्द पुन्हा त्यांच्या कानावर आदळला.

"याले डाग आहे जी गुरुजी. म्हणून सस्ता देऊन राहिलो."

टेबलामागे बकाराम होता. नाण्यांच्या धंद्यात येण्याआधी तो सराफ्यात कारागीर होता. गुरुजींच्या हातात राणीछाप चांदीचा रुपया होता, सन १८६२चा. या सालाच्या कित्येक रुपयांवर तारखेखाली बारीक ठिपके असतात. ठिपके किती, त्यावर प्रकार ठरतो, आणि प्रकारावर किंमत. महागडे रुपये काचेखाली मांडलेले होते. गुरुजींना ते परवडत नसत. पेन्शनीतून वाचवलेल्या दोन-चार नोटा खिशात घट्ट धरून ते स्वस्ताच्या ताटात ठिपके मोजत बसत.

"डाग?" गुरुजी एवढ्या जोरानं ओरडले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. वर्गाबाहेर त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. "चांदी लख्ख आहे! कुठं आहे डाग, दाखवा!"

"कायले भडकून राहिले?" बकारामनं रुपया उलटला. राणीच्या मुकुटावर, अगदी कडेला, मोहरीएवढा उंचवटा होता. "मळाचा नाही जी, सोनाराचा डाग. इथं कडी जोडली होती. कोण्या बाईच्या माळेतला रुपया आहे हा. कडी काढली, कानशीनं घासला, तरी डाग बोलतेच."

गुरुजींनी रुपया खाली ठेवला आणि काही न घेता बाहेर पडले.

सात वर्षांपूर्वी असाच एक रुपया त्यांनी अदलाबदलीत भोजराजला पाठवला होता. भोजराज देवरीचा, जंगल खात्यातला निवृत्त कारकून, त्यांच्यासारखाच ठिपक्यांचा वेडा. त्याचं कार्ड आलं: 'रुपया मिळाला. त्याला डाग आहे. कोणाचा आहे ते घरी विचारा. परत पाठवू का?'

गुरुजींचं डोकंच फिरलं होतं. डाग! म्हणजे मी खराब माल खपवला? आणि कोणाचा आहे, म्हणजे काय, चोरीचा? तेही उघड्या कार्डावर! आपल्या कामठ्याच्या पोस्टमननं वाचलं असणार, पानठेल्यावर सांगितलं असणार.

त्यांची बायको, सुशिलाबाई, चुलीपासून उठून आली. "काय लिवलन जी भोजराजभाऊनं?"

"काही नाही. नालायक माणूस आहे."

तिनं उंबऱ्यातूनच कार्डाकडे पाहिलं. मग पोळी करपायला लागली म्हणून आत गेली. दोन वर्षांनी ती वारली. गुरुजींनी कार्ड फाडलं नाही. राग शिळा झाला की ते काढून वाचायचे.

तो रुपया त्यांना सापडला होता तांब्याच्या पैशांच्या पिशवीत. नागपूरच्या प्रदर्शनात मनासारखं काही परवडलं नाही, म्हणून ती पिशवी उचलून तोंड पाडून ते घरी आले होते. दहा-बारा दिवसांनी पैसे निवडताना त्यात चांदीचा रुपया निघाला! "पारखी नजर लागते याले," त्यांनी सुशिलाबाईला ऐकवलं. ती पदर तोंडाला लावून हसली. मग त्यांनी ठिपके मोजले. "हात्तिच्या! हा तर आहे आपल्याजवळ." आणि तो देवरीला पाठवून दिला.

कामठ्याच्या बसमध्ये गुरुजी स्वतःवरच दात खात बसले. तीस वर्षं मराठी शिकवली. अनेकार्थी शब्द म्हणून दरवर्षी फळ्यावर लिहिलं: डाग म्हणजे कलंक, डाग म्हणजे दागिना, डाग म्हणजे धातूचा सांधा. आणि स्वतःला आलेल्या पत्रात तेवढा पहिलाच अर्थ वाचला.

घरी आल्यावर चपलाही न काढता त्यांनी ट्रंक उघडली. लुगड्यात गुंडाळलेली सुशिलाबाईची रुपयांची माळ काढली. अकरा रुपये. बारावा नागऱ्याच्या जत्रेत पडला, असं तिनं सांगितलं होतं. पिशवीत रुपया सापडला, तेच ते साल. नागपूरहून आल्यानंतरचाच आठवडा. "चालतानी डोळे कुठं राहतात तुझे?" असं खेकसून ते दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

प्रत्येक रुपयाची कडी राणीच्या मुकुटावर होती. त्यांनी एकेक रुपया पालथा करून चष्म्याजवळ नेला. अकराच्या अकरा कोरे, तारखेखाली एकही ठिपका नाही. तिला अक्षरओळख नव्हती. पण त्या पिशवीत टाकायला माळेतला ठिपक्यांचा एकुलता एक रुपया तिनं बरोबर निवडला होता.

गुरुजींनी भोजराजला चार पानं लिहिली. वाचली, आणि फाडून टाकली. चारही पानांत 'मी' होता. मग मुद्दाम पोस्टकार्ड घेतलं. पोस्टमनला वाचायचं तर वाचू दे.

सकाळी लाल पेटीत पडलेल्या कार्डावर एवढंच होतं:

'घरी विचारायचं राहून गेलं. रुपया असेल तर परत पाठवा. डाग घासू नका.'