पाच घरं आत

संगणकाच्या वर्गात सगळ्यांत म्हातारी मीच. माझी ताई तीन आठवडे बेशुद्ध आहे. दवाखान्यात भेटायला संध्याकाळीच सोडतात, म्हणून दुपार ढकलायला मी इथे येते.

आज सरांनी परिच्छेद शिकवला. मजकूर निवडायचा, डावीकडे जुळवायचा, ओळींमधलं अंतर ठरवायचं. मी सगळं मुकाट्यानं केलं. तरी पहिली ओळ आत सरकलेलीच.

"मावशी, स्पेसबार दाबून जागा सोडू नका," सर म्हणाले. "ही जुन्या टायपिंगवाल्यांची खोड."

"मी हातसुद्धा लावला नाही हो!"

सरांनी त्या पाच मोकळ्या जागा पुसल्या. आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत ओळ पुन्हा सरकली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग थांबली.

सरांनी कीबोर्डची वायर उपसून काढली आणि माउसनं जागा पुसल्या. ओळ पुन्हा सरकली. पाचच घरं.

ताईनं चाळीस वर्षं टायपिंग शिकवलं. "परिच्छेद पाच घरं आत, आणि स्पेसबारवर फक्त अंगठा!" असं म्हणत ती पट्टी उगारायची. सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही तिनं.

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातली नर्स होती.

"तुमच्या ताईंचा अंगठा हलतोय. नुसता अंगठाच. चादरीवर पाच वेळा आपटतात, थांबतात, परत पाच वेळा."

पडद्यावर, पाच मोकळ्या घरांपुढे, एक अक्षर उमटलं.

"सिस्टर," मी ओरडलेच, "आता बाकीची बोटं बघा!"