वाचून दाखवलेली बातमी
टॉवेल कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत कंत्राटी मजूर नवनाथ पहिल्याच दिवशी गुदमरून मेला. मालकावर गुन्हा नोंदवा म्हणून त्याच्या वस्तीतली माणसं चार दिवस गेटवर बसली होती. त्याची बायको मीनाबाई पेपर घेऊन कारखान्याच्या जनसंपर्क अधिकारी प्रियदर्शनीकडे आली. "ताई, मला वाचता येत न्हाय. ह्यांच्याबद्दल काय छापलंय, वाचून दावा की." बातमी प्रियदर्शनीनेच लिहून दिली होती. तिने घसा खाकरून वाचलं, "मास्क दिलेला असूनही मजुराने तो घातला नाही." मास्क दिलाच नव्हता, हे तिला ठाऊक होतं. मीनाबाईचा चेहरा उतरला. "दिला हुता व्हय? मग घालायचा की ह्या माणसानं!" खरं सांगायला प्रियदर्शनीने तोंड उघडलं, पण पेपर घडी करून तिच्या हातात परत दिला. मीनाबाई गेटवर गेली. खिडकीतून तिचा आवाज आला, "उठा समदे. चूक आमच्याच माणसाची हुती."