भट्टीपासून लांब

“तोंड उघड,” सुंदरा म्हणाली.

सतरा वर्षांच्या भरतनं मुकाट्यानं तोंड उघडलं. आईनं नाक जवळ नेलं. वास नव्हता. पण दारू पाणचट लागते म्हणून गिऱ्हाइकं परत जात होती. म्हणजे घरातलंच कुणीतरी पीत होतं आणि कॅनमध्ये वरून पाणी ओतत होतं.

नवऱ्याला दारूनं खाल्लं आणि पोरांच्या पोटासाठी सुंदरानं मोहाची भट्टी लावली. दैवाची थट्टा, दुसरं काय! पोरगा बापाच्या वाटेला लागू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून असायची. भरतला भट्टीकडं फिरकूही देत नसे. ते काम धाकट्या कुणालीचं. जाळ सारायची, धार चाखून कडक उतरली का ते सांगायची. पोर मोठी गुणाची. हल्ली भावावर नजरही तीच ठेवायची.

“कुनालीला तिथं नको बसवू, आये,” भरत म्हणाला. “मुरबाडला मामाकडं पाठव तिला. शिकंल तरी.”

“म्हंजे तुला रान मोकळं!”

“तसं नाय गो, आये.”

“मंग पानी कोनी ओतलं? बोल!”

भरतनं चुलीपुढं बसलेल्या कुणालीच्या हातातलं लाकूड घेऊन जाळात सारलं.

“मी,” तो म्हणाला. “मीच पितो.”

कुणालीला रडू फुटलं. सुंदरानं हात उगारला, पण तो तसाच खाली आला. मारून काय होतं? सासऱ्यानं नवऱ्याला झोडून झोडून काठ्या मोडल्या होत्या, तो कुठं सुधारला? पोराला दारूपासून लांब न्यायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

सकाळी शहापूरच्या स्टँडवर तिनं त्याला मुरबाडच्या एसटीत बसवलं. खिडकीतून भाकरीचं फडकं दिलं.

“पंढरीमामाच्या शब्दाभाहेर जाव नको. तिथं भट्टी नाय, बाबा. सुटशील यातून.”

“तिला पन पाठव, आये.”

“आधी तू नीट हो!”

गाडी हलली आणि सुंदराच्या काळजाचा तुकडाच गेला. भर स्टँडवर ती पदर तोंडात कोंबून रडली. पण पोरगा वाचला, असं मनाला बजावत दुपारी पाड्यावर परतली.

दार लोटलेलं होतं. तिनं ते हळूच ढकललं.

कुणालीनं कॅनमधून भरलेला पेला एका दमात रिता केला आणि तोंड जरासुद्धा वाकडं न करता दुसरा भरला.