काठोकाठ भरलेलं पिंप

आन्सेल्मो तळघराच्या बुटक्या दारातून वाकून आत आला. एर्सीलियाला आधी त्याची टोपी दिसली, मग पांढऱ्या मिशा, आणि मग कुठे तो.

"डोकं सांभाळा," ती म्हणाली.

"सांभाळा?" तो हसला, आणि हसताहसता खोकला. "याच दारात माझं कपाळ आपटायचं, तेव्हा 'मेल्या, डोळे आहेत का बटणं' म्हणायचीस."

"तेव्हा तू इथला होतास."

मागून तिचा धाकटा भाऊ कासिमीरो काळा पाव आणि चीज घेऊन उतरला. "ताई, भांडण लवकर आटपा. हे आपले बेल्जियमचे पाहुणे दुपारच्या बसनं निघालेत. वडिलांचं घर विकायला आले होते, विकून झालं."

एर्सीलियाने ते सकाळीच ऐकलं होतं. तरी तिने ठेवणीतला निळा रुमाल डोक्याला बांधला होता.

मोठ्या पिंपांपलीकडे, भिंतीला टेकून, एक लहान पिंप होतं. आन्सेल्मो त्याच्यापाशी थबकला.

"हे... ते तर नव्हे?"

"तेच," कासिमीरो म्हणाला. "बाबांनी तुम्हा दोघांच्या लग्नासाठी भरलेलं. अगदी वरच्या मांडवांतली द्राक्षं, बर्फाच्या शेजारची. मी तेव्हा अर्ध्या चड्डीत होतो. माझ्या लग्नात मागितलं, ताईनं दिलं नाही. पोरीच्या बारशाला मागितलं, दिलं नाही. पाद्रीबाबांनी मागितलं, त्यांनाही नाही."

"तुला दिलं असतं तर त्याच दुपारी संपलं असतं," एर्सीलिया म्हणाली. तिने बूच हलवून सैल केलं आणि उपसलं.

आन्सेल्मोने वाकून पाहिलं. वाइन अगदी भोकाच्या तोंडाशी चमकत होती. "काठोकाठ आहे!" त्याने सवयीने बोटांची पेरं पिंपावर वाजवली. द्राक्षबागवाल्याचाच मुलगा तो. पिंप वाजलं नाही. भिंतीवर टकटक करावी तसा आवाज आला. त्याने खाली, आणखी खाली वाजवून पाहिलं, आणि हात काढून घेतला.

लाकूड नेहमीच तहानलेलं असतं. दर वर्षी थोडी वाइन तेच पिऊन टाकतं. रिकाम्या जागेत हवा शिरली की वाइन आंबते, झाला शिरका. म्हणून तेवढी जागा त्याच वर्षाच्या वाइनने भरून काढायची. आणि ती संपली, तर धुतलेले दगड सोडायचे, म्हणजे वाइन वर येते.

"दुसऱ्या सालची ओतायची होतीस," तो हळूच म्हणाला.

"मग ती ती राहिली नसती."

"दगड कुठले?"

"नदीतले. काळेच. पांढरा टाकला की फसफसतो, बाबा सांगायचे."

"आत वाइन किती, दगड किती?"

"मी कशाला मोजू? दोन्ही तुझेच आहेत."

कासिमीरोने घसा खाकरला आणि पाव कापायला घेतला. तो पाव इतका कडक, की सुरीचाच आवाज कितीतरी वेळ होत राहिला.

एर्सीलियाने काचेची नळी आत सोडली आणि एकच ग्लास भरला. जुन्या सोन्याचा रंग. आन्सेल्मोने तो खिडकीच्या उजेडात धरला, हुंगला, मग घोट घेतला. अक्रोडाची साल, वाळलं गवत, उन्हात तापलेला खडक. घोट गिळून झाला, तरी चव तोंडातून हलेना.

"दिसते मधासारखी," तो म्हणाला. "पण गोडव्याचा टिपूस नाही."

"गोडवा पहिल्याच हिवाळ्यात संपतो. नंतर जे उरतं, तेच टिकतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रुमालाकडेही पाहिलं. एर्सीलियाने पिंपाची कड धरून ठेवली. एक शब्द हवा होता तिला. राहतो. एवढाच.

"वरचे मांडव ओस पडलेत," कासिमीरो पावाकडे बघत म्हणाला. "त्या बुटक्या मांडवांखाली गुडघ्यांवर सरकत छाटणी करणारं कुणी उरलं नाही. तुमच्यासारखा जाणता माणूस राहिला तर..."

"या गुडघ्यांवर?" आन्सेल्मो हसला. मग ग्लासाच्या तळाशी राहिलेल्या थेंबाकडे पाहत राहिला. "तिकडे नातवंडं आहेत. खोकल्याचे डॉक्टर तिकडे." थोडं थांबून म्हणाला, "पुढच्या तोडणीला येतो, सीलिया. नक्की."

सीलिया. या नावानं हाक मारणारं आता गावात कुणी नव्हतं. आणि तो 'नक्की'ही तिच्या ओळखीचा होता. बसच्या पायरीवर उभं राहून, दोन हिवाळे बेल्जियमच्या खाणीत काढतो आणि येतो, असं त्याने सांगितलं होतं, तेव्हाचाच.

खालच्या वळणावर बसचा भोंगा वाजला. कासिमीरो आन्सेल्मोची बॅग घेऊन पुढे झाला.

एर्सीलियाने कोनाड्यातली थाळी घेतली. धुऊन पुसलेले, अक्रोडाएवढे दगड. तिने एक उचलून आन्सेल्मोच्या तळहातावर ठेवला.

"प्यायलास तेवढी जागा भरून जा."

त्याने मूठ मिटली. भोंगा पुन्हा वाजला, तरी मूठ उघडेना. वरून कासिमीरो ओरडला, "बस थांबायची नाही हो!" तेव्हा कुठे त्याने हात भोकावर नेला आणि दगड हलकेच सोडला. आत दगडावर दगड टेकला. वाइन वर चढली आणि पुन्हा काठाला लागली.

त्याची पावलं जिन्यावरून गेली. दारात कपाळ आपटल्याचा आवाज आला.

तिने बूच बसवलं आणि तळहाताने दाबून धरलं. आजवर आत गेलेले सगळे दगड नदीचे, गारठलेले. हा तेवढा कोमट होता.