एक काना जास्त

तो काना बाबांचा नव्हता. थोरल्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. काना जागचा हलला नाही, आणि तो बाबांचा नव्हताच.

समोर बाबांचं मृत्युपत्र होतं. एकच कागद, त्यांच्याच हातचा. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या, एक न्हाव्याची आणि एक औषधवाल्याची. दोघांनी बाबांना सही करताना पाहिलं होतं, मजकूर कुणी वाचला नव्हता. एक्झिक्युटर म्हणून नाव थोरल्याचं. म्हणजे कागदात लिहिलंय तशी वाटणी करून सगळं मार्गी लावायचं काम त्याचं. आणि लिहिलं होतं एवढंच : 'घर थोरल्याला आणि धाकटीला सामान. भांडू नये.'

बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षराला दर लावणारा माणूस, मृत्युपत्रातही हात आखडता. वकीलबाईंनी परवा ती ओळ मोठ्याने वाचली. घर मुलाला, सामान मुलीला. धाकटी नुसतं "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोकी भरायला बसली. आठ वर्षं याच घरात तिने बाबांचं सगळं केलं होतं. आता दवाखान्याजवळ एक खोली बघून आली होती.

थोरल्याचा धंदा नजरेचा. बावीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. दोन महिन्यांपूर्वी छापखान्याला कुलूप लागलं, हे त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं होतं. पदरात दोन शाळकरी मुली. वकीलबाईंनी ओळ वाचली तेव्हा त्याला रडूच यायचं बाकी होतं, आणि ते बाबांसाठी नव्हतं.

आणि आता हा काना.

बाबा आधी सगळी अक्षरं काढायचे, काने शेवटी, तेही खालून वर. वरून खाली ओढला की रंग ओघळतो, हे त्यांचं शास्त्र. खालून निघालेला काना थांबता थांबता शिरोरेषेच्या वर केसभर डोकं काढायचा. बाजारातल्या निम्म्या पाट्यांवर ती डोकी होती. हातात पेन आलं तरी खोड गेली नव्हती. या कागदावरही सगळ्या कान्यांची डोकी वर होती. 'सामान'मधल्या पहिल्याचं नव्हतं. तो स आणि मा यांच्यामध्ये अंग चोरून उभा होता. त्याच्यासाठी जागाच सोडलेली नव्हती.

थोरल्याने तो नखाने झाकला आणि ओळ पुन्हा वाचली. 'घर थोरल्याला आणि धाकटीला समान.'

कागद बाबांच्या उशाशी पेटीत असायचा. शेवटच्या आठवड्यात त्याची बायको इथे मदतीला राहिली होती. पेटीची किल्ली त्याच्या हातात ठेवली तीही तिनेच. बायको भली होती, पण गरजवंताला अक्कल नसते. वकीलबाईंना दिसलं नाही, कोर्टात कुणाला दिसणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. तो बराच वेळ नख तसंच ठेवून बसला. पलीकडच्या खोलीतून चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत राहिला.

मग तो उठला.

धाकटी जमिनीवर बसून बाबांचे ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळत होती. खोलीत टर्पेंटाइनचा वास होता.

"हा काना बाबांचा नाही," तो म्हणाला. "आमच्या घरातून लागलाय. कसा ते विचारू नकोस, मला लाज वाटते. घर दोघांचं आहे. उद्या वकीलबाईंसमोर अर्धं तुझ्या नावे लिहून देतो."

धाकटीने कागदाकडे पाहिलंच नाही. "वहिनीला बोललास का काही?"

"अजून नाही."

"बोलूही नकोस, कान उपटेल तुझे. किल्ली वहिनीने तुला दिली, पण वहिनीला कुणी दिली?"

धाकटी उठली आणि कपाटामागून एक पाटी ओढून तिने भिंतीला टेकवली. निळ्यावर पांढरी अक्षरं, वर डोकं काढलेले काने. त्याच्या छापखान्याची पाटी.

"भंगारवाला घेऊन आला होता, पेंटरकाकांचं काम म्हणून. बाबांना दाखवली नाही. तू सांगशील, तू सांगशील म्हणून वाट बघितली मी दादा." "दोन मुली घेऊन कुठे जाणार होतास? मी एकटी काय, कुठेही राहीन."

"बावीस वर्षं प्रुफं तपासली मी. आणि तू मला एका कान्याने फसवायला निघालीस?"

"खालून वर काढायचा, हे पेन वरून खाली ओढल्यावर आठवलं."

त्याला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. तो खाली बसला, तिच्यापुढच्या खोक्याची चिकटपट्टी काढली आणि ब्रश एकेक करून परत डब्यात उभे करू लागला.

"तीन खोल्या आहेत दादा, माणसं पाच. वेड लागलंय तुला. मी ऐकणार नाही हं, सांगून ठेवते, हे घर—"

थोरल्याने कागद तिच्यापुढे धरला आणि शेवटच्या दोन शब्दांखाली बोट ठेवलं. 'भांडू नये.' भांच्या कान्याचं डोकं शिरोरेषेच्या केसभर वर होतं.